लाल ठिपक्याची पट्टी

धाकटी जाऊ घरात आली तेव्हापासून थोरलीच्या पोटात दुखत होतं. फोटो स्टुडिओतले दोन्ही कॉम्प्युटर इतकी वर्षं सांभाळले थोरलीनं, आणि सासरे आता गिऱ्हाइकांना सांगायचे, "थांबा, आमची धाकटी बघेल." जळायला आणखी काय लागतं?

त्या दिवशी धाकटीनं आपल्या मशीनवर सीडीवरून लिनक्स ही नवी सिस्टीम टाकली. मग थोरलीनं कधीकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवलेले जुने फोटो आत कॉपी केले. पहिलाच उघडला तो सासूबाईंचा. हनुवटीपासून खाली नुसत्या राखाडी पट्ट्या! बायकोच्या माघारी त्या फोटोचाच आधार उरलेले सासरे खुर्चीत मटकन बसले.

थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. "चालत्या मशीनला हात लावू नकोस म्हटलं होतं ना? ती सीडीच भिकार असणार तुझी."

"सीडी तपासली, ताई. ठणठणीत आहे." धाकटीनं तोच फोटो पुन्हा कॉपी केला. आता सासूबाईंचं कपाळ गेलं. "दर वेळी वेगळीच जागा बिघडतेय. म्हणजे मूळ फोटो शाबूत असेल. मशीनची मेमरी दगा देतेय."

थोरलीची पाचावर धारण बसली. गेल्याच आठवड्यात तिनं आपल्याकडची मेमरीची खराब पट्टी गुपचूप धाकटीच्या मशीनमध्ये बसवली होती आणि तिथली चांगली स्वतःच्या मशीनला लावली होती. धाकटीचं काम अडावं, तिनं चार बोलणी खावीत, एवढंच मनात होतं. सासूबाई मध्ये येतील हे कुणाच्या ध्यानीमनी?

धाकटीनं मशीन बंद करून उघडलं आणि पट्टी काढली. तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. बिघडलेल्या पार्टवर अशी खूण करायची सवय घरात एकट्या थोरलीलाच. धाकटीनं थोरलीच्या नखांकडे पाहिलं. थोरलीनं हात पाठीमागे नेले.

"चांगली पट्टी मिळेल का, ताई?"

थोरलीनं आपल्या मशीनमधली काढून दिली. फोटो पुन्हा कॉपी झाला, आणि सासूबाई अख्ख्या हसल्या. सासऱ्यांनी डोळे पुसले.

"ताईंनी खूण करून ठेवली होती, बाबा," धाकटी म्हणाली. "म्हणून लगेच सापडलं."

"थोरली हुशार आहेच!"

किती दिवसांनी हे शब्द कानावर पडले, पण घशाखाली उतरेनात. पोरीनं अपराधसुद्धा पोटात घातला होता. आता हिच्या मोठेपणावरही जळायचं, आणि तेही जन्मभर.