कांडीबाबांचा जागता लॅपटॉप

सभागृहातल्या खुर्च्या कधीच संपल्या होत्या. उरलेली मंडळी जमिनीवर बसली होती आणि बहुतेकांच्या मांडीवर एकेक मेलेला लॅपटॉप होता. कुणाचं बिजागर तुटलेलं, कुणाची दोनचार बटणं गळालेली. व्यासपीठावर पांढऱ्या सदऱ्यातले कांडीबाबा एका जुनाट लॅपटॉपवर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते.

"यंत्र म्हातारं होत नसतं. त्याच्यावर कालचं ओझं साठतं. मी फक्त ओझं उतरवतो!"

त्यांनी लाल दोरा गुंडाळलेला पेन ड्राइव्ह, म्हणजे त्यांच्या भाषेत 'कांडी', कडेच्या खाचेत बसवला, बोटं बटणांवरून अलगद फिरवली आणि दोन मिनिटांत पडदा निळा उजळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईंनी तर डोळे पुसले.

तिसऱ्या रांगेत स्क्रूताईनं जांभई दाबली. बावीस वर्षं ती संगणक दुरुस्त करत होती आणि हे नाव गिऱ्हाइकांनीच तिला दिलं होतं. बाबांची युक्ती तिला ठाऊक होती, पण सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. "तुमचं गिऱ्हाईक तुटतंय म्हणून पोटात दुखतंय," असं लोक म्हणत. शेवटी तिनं बोलणंच सोडलं. आजही ती दादाच्या आग्रहाखातर आली होती.

दादा, तिचा थोरला भाऊ, निवृत्त कारकून. तो उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत, तान्हं मूल आणावं तसा आत आला आणि भिंतीतल्या प्लगशेजारी टेकला.

"झाकण मिटव की, हात भरून येतील," ती म्हणाली.

"छे! मिटायचं नाही, बंद करायचं नाही, कांडी काढायची नाही, असं बाबांनी बजावलंय. एकोणीस दिवस झाले. घरात पाळीपाळीनं पहारा देतो आम्ही. तुझी वहिनी पंख्याचं बटणसुद्धा जपून दाबते."

ताईला हसू आवरेना. "आणि एकोणीस दिवस त्याच्यावर करतोस काय?"

"आईचं लिहून घेतोय."

तिचं हसू जागच्या जागी विरलं. आई सुईण होती. चारशेच्या वर बाळंतपणं तिनं केली होती. कुठल्या घरी, कुणाची कितवी खेप, कोण उशिरा रडलं, सगळं तिला तोंडपाठ. पण वर्षभरात ते झपाट्यानं पुसत चाललं होतं. परवा तर तिनं ताईलाच विचारलं होतं, "तुम्ही कुणाच्या हो?"

"एकशेसाठ बाळंतपणं झाली लिहून," दादा म्हणाला. "बरं झालं, वेळेत घेतली. गेले चार दिवस ती नुसती खिडकीकडे बघत बसते."

"कागदावर उतरवलंयस?"

"कागद कशाला? सेव्ह केलंय ना!"

"दादा, माझ्याकडे दुसरा पेन ड्राइव्ह आहे. आत्ता त्यावर घेते. अर्ध्या मिनिटाचं काम."

"परकी कांडी लावली की यंत्र बिथरतं."

"अरे, हे बंद झालं तर सगळं जाईल!"

"झालीस सुरू! निदान आज तरी वाद नको गं."

वादाला ताईही विटली होती. हा व्यासपीठावर जाईल, दोन शब्द बोलेल, परत येईल. संध्याकाळी तो फिरायला गेला की गुपचूप उतरवून घेऊ, असा विचार करून तिनं पर्स बंद केली. हा आळस नव्हता, थकवा होता. पण चूक ती चूकच.

पाचच मिनिटांनी बाबांनी दादाला लॅपटॉपसकट वर बोलावलं. दादानं लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि हात जोडून एकोणीस दिवसांचा अनुभव सांगितला. बाबा प्रसन्न झाले.

"तुम्ही बंद केलंत तर दोष. माझ्या हातून मात्र निद्रा आणि पुन्हा जागृती! पाहा!"

त्यांचं बोट दादाच्या लॅपटॉपच्या बटणावर गेलं.

"थांबा! दाबू नका!" ताई लोकांचे पाय तुडवत धावली. ती पोचेपर्यंत पडदा काळा झाला होता.

तो पुन्हा उजळला. टाळ्या झाल्या. दादा वाकून काहीतरी शोधू लागला. इथे बघ, तिथे बघ. सगळं रिकामं.

"बाबा, माझी फाइल?"

"ओझं उतरलं, काका."

"ओझं नव्हतं ते," दादा म्हणाला. "माझी आई होती."

ताईनं कुणालाही न विचारता दादाच्या लॅपटॉपची कांडी उपसली आणि पहिल्या रांगेतल्या बाईंच्या लॅपटॉपला लावली. सुरू होताना वरच्या ओळीतलं एक बटण तिनं सगळ्यांना दाखवून दाबलं. तोच निळा पडदा आला.

"बाबांचे हात कुठे आहेत बघा. खिशात! या कांडीत लिनक्स आहे. संगणक चालवणारी प्रणाली, फुकट मिळते. ही हलकी आहे, म्हणून म्हाताऱ्या मशीनलाही झेपते. हे बटण दाबलं की मशीनला सांगता येतं, आतल्या डिस्कवरून नको, कांडीवरून सुरू हो. झाला चमत्कार! पण यांच्या कांडीवरून चालताना तुम्ही लिहाल ते फळ्यावरच्या खडूसारखं. मशीन बंद झालं की पुसलं. ते टिकवायचं तर हीच प्रणाली आतल्या डिस्कवर बसवावी लागते. यांनी ती बसवलीच नाही, कारण मग कांडी कुणाला लागली असती?"

"इथली ऊर्जा दूषित झाली," असं पुटपुटत बाबा मागच्या दारानं निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही.

दादाच्या डिस्कवर त्याचं जुनं काही नव्हतं. ताईनं आपला पेन ड्राइव्ह लावला, त्यातही लिनक्स होतंच, आणि प्रणाली आत बसवायला घेतली. पाऊण तास लागला. त्र्याहत्तर टक्क्यांवर गाडी बराच वेळ अडली, वायफाय काही दिसेना. "हे काही तरुण होणार नाही," तिनं सांगून टाकलं. "एकदम चार कामं दिलीत तर धापा टाकेल. वायफायचं उद्या बघू." अर्धे लोक कंटाळून घरी गेले. चमत्काराला दोन मिनिटं पुरतात, काम तेवढ्यात आटोपत नाही.

शेवटी दादानं आठवलं तसं एक वाक्य लिहिलं. 'सुताराच्या धाकटीला पहाटे मुलगी, रडायला वेळ लावला.' मग त्यानं लॅपटॉप बंद केला, पेन ड्राइव्ह काढला आणि पुन्हा चालू केला.

वाक्य होतं तिथेच होतं.

त्याच्याकडे बघणं ताईला जड गेलं. "दादा, मी तेव्हाच ऐकायला नको होतं तुझं."

तो उरलेल्या लोकांकडे वळला.

"पहिल्याच दिवशी मी एक ओळ लिहून, बंद करून बघितलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं. बाबा नको म्हणाले आणि मी विचारलंसुद्धा नाही, का नको. जो माणूस तुम्हाला तपासून बघू नका म्हणतो ना, त्याचं सगळ्यात आधी तपासा. माझी आई आता ते पुन्हा सांगणार नाही. तुमच्या घरी अजून कुणी सांगणारं असेल, तर आज जाऊन वहीत लिहून घ्या."