आत घेतलेली पँट

काका शिंपी. त्यांच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलं होतं, आणि ते त्यांना झेपेल का हे ठरवायला सर्जनना एक गोष्ट हवी होती : वजन केव्हापासून घटतंय? जुनी नोंद कुठेच नव्हती.

"कपडे सैल होतात का?"

"छे, अगदी मापात," काका म्हणाले. काकूनेही मान डोलावली.

घरी येताच काकूचा पट्टा सुरू झाला. "एवढं रांधते, आणि ताट तसंच परत! मग अंग कुठून धरणार?"

"अगं, जेवतो की."

"चिमणीएवढं!"

मी नुकतीच एका प्रयोगशाळेत लागले होते. चरबीच्या पेशी हेच माझं काम. "काकू, गाठीमुळे रक्तात काही रसायनं उतरतात. ती भूक मारतात आणि चरबीच्या पेशींना साठा फोडायला लावतात. पोटभर जेवूनही माणूस झडू शकतो."

"ऐकलंस? माझा दोष नाही," काका म्हणाले.

"आणि माझा?" काकूने हळूच विचारलं.

"तुझाही नाही," मी म्हटलं.

इस्त्रीसाठी तिने काकांची पँट दिली. मी ती उलटी केली. कमरेच्या मागच्या शिवणीत एकीच्या आत एक अशा मशीनच्या चार ओळी होत्या.

"काका, ही कितीदा आत घेतलीत?"

"ढगळ कपड्यातल्या शिंप्याला कोण कापड देईल? सैल वाटली की हात आपोआप मशीनकडे जातो."

"आणि डॉक्टरांना मापात म्हणालात!"

"मापातच होती ना!"

काकूने त्या ओळींवरून बोट फिरवलं. "मला तरी सांगायचंत."

"तू ताटात आणखी वाढलं असतंस."

मी टेप आणि कागद घेतला. कुठली ओळ कुठल्या कामाच्या वेळी घातली, ते काकांना पाठ होतं. पहिली शाळेच्या गणवेशांच्या वेळची, शेवटची गेल्या आठवड्यातली. पाच महिने, जवळजवळ चार इंच.

दुसऱ्या दिवशी सर्जननी कागद दोनदा वाचला, ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं.

"तेवढ्यात वजन भरून निघेल?" काकूने विचारलं.

"नाही. पण घसरण थांबली तरी ऑपरेशन सोपं जाईल," सर्जन म्हणाले.

थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा, असा आहाराचा तक्ता काकांच्या हातात पडण्याआधीच काकूने घेतला आणि माझ्यापुढे धरला. "वाचा, शास्त्रज्ञबाई. दर वेळी किती थोडं वाढायचं, ते आधी सांगा."