भाऊरावांची बाग आणि समोरचं दार

संघमित्राचं पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, याबद्दल भाऊराव इंगळ्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती तिच्या सासरी, मुलुंडला. आणि ती शंका अगदीच खोटी नाही हे भाऊरावांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते इतके चिडले होते.

बोरीवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. हॉलची मोठी खिडकी थेट पश्चिमेला. दुपारचं ऊन एकदा आत शिरलं की चिवट पाहुण्यासारखं चहाची वेळ टळेपर्यंत हलायचं नाही. एसी बसवावा तर इमारतीचं वायरिंग म्हातारं झालेलं, म्हणून सोसायटीने नव्या एसीला मनाईच केली होती. वायरिंग बदलावं तर पुनर्विकास होणार आहे, आता कशाला, हे पालुपद कित्येक वर्षं चालू होतं. मुलुंडच्या घरात मात्र खोलीखोलीत एसी.

"बाबा, तारीख मेच्या अखेरीची आहे," जावई प्रबुद्ध फोनवर म्हणाला. पोरगा गुणी होता आणि बोलणं मऊ, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. "तिला आत्ताच उकाडा सोसत नाही. दुपारी डोळ्याला डोळा लागत नाही. आम्ही एका रविवारी दुपारी येऊन तुमच्या हॉलमध्ये बसतो. तिला बरं वाटलं तर एप्रिलमध्ये आणून सोडतो."

"या ना! काहून नाही वाटणार बरं?" भाऊराव म्हणाले. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी माणूस चिडला की त्याच्या तोंडून वऱ्हाडी निघायचीच.

फोन ठेवला आणि त्यांनी बायकोला जाहीर करून टाकलं, "शकु, हॉलमध्ये बाग करायची."

भाऊराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात असताना खांब कुठे रोवायचा ते साहेबांनी सांगायचं आणि यांनी रोवायचा. आता साहेबही हेच आणि खांब रोवणारेही हेच, मग उत्साहाला काय तोटा! मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी नर्सरीतून टेम्पोभर कुंड्या आणल्या. रबराचं झाड, अरेका पाम, नेचे, मनी प्लांट. मधे मधे पाण्याने भरलेली मातीची परळं. आणि या सगळ्यावर कडी म्हणून गावाहून मागवलेली वाळ्याची ताटी. अकोल्याकडे लहानपणी मास्तरांच्या घरी त्यांनी ती पाहिली होती. बाहेर ज्वाळा निघाव्यात असं ऊन, दारंखिडक्या बंद, वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडलेलं आणि आत सुगंधी गारवा. त्या गारव्यात पाय टाकायला मिळावा म्हणून छोटा भाऊराव मास्तरांची कामं हौसेने करायचा. लेकीला तोच गारवा द्यायचा, त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"अहो, तो वऱ्हाड होता. देश तसा वेश म्हणतात," शकु म्हणाली.

"तुले काय समजते बागेतलं?" भाऊराव म्हणाले आणि ताटी टांगायला स्टुलावर चढले.

मार्चमधल्या त्या रविवारी त्यांनी सकाळपासून खिडक्या बंद ठेवल्या, ताटी चिंब केली, प्रत्येक पानावर फवारा मारला. दुपारी मुलगी-जावई आले. "जय भीम, बाबा," म्हणत प्रबुद्धने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तो तिथेच थबकला. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"बाबा, बाग छानच असणार," तो चष्मा पुसत म्हणाला. पुसला तशी पुन्हा वाफ धरली.

संघमित्रा सोफ्यावर बसली. पाच मिनिटांत तिच्या कपाळावरचे केस चिकटले, ओठावर घाम आला. बापाचं मन राखायला ती "मस्त हिरवंगार वाटतंय" म्हणत होती आणि ओढणीने वारा घेत होती. शकु स्वयंपाकघरातून डोकावली.

"इडलीचं पीठ आणू का बाहेर? गॅस वाचेल."

भाऊरावांना आता कळलं, पण उशीर झाला होता. वऱ्हाडातली हवा कोरडी ठक्क, दिलं तेवढं पाणी ती पिऊन टाकते आणि गार होते. इथली हवा समुद्राचं पाणी पिऊन आधीच तट्ट फुगलेली. तिला आणखी पाजून त्यांनी हॉलची न्हाणी केली होती. लेकीला गारवा द्यायला निघालेल्या बापाने तिला घाम फोडला. त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी आणलेलं कलिंगडसुद्धा कापलं नाही.

"निघतो बाबा," प्रबुद्ध हळूच म्हणाला. "एप्रिलचं मग बघू." बघू म्हणजे काय ते सगळ्यांनाच समजलं.

आता जाताना निदान तिच्या अंगावरचा घाम तरी वाळावा म्हणून भाऊरावांनी पश्चिमेची खिडकी उघडली. शकुने बाहेरचं दार उघडलं. संघमित्रा चपला घालायला उंबऱ्यात गेली आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा, इथे किती बरं वाटतंय!"

खरंच, खिडकीतून वारा सणसणत आला होता. ताटी हलली, पामच्या पानांची सळसळ झाली, संघमित्राची ओढणी जिन्याकडे उडाली. भाऊरावांनी वारा गेला त्या दिशेने पाहिलं. समोरचं दार उघडं होतं. दारात दत्ताराम परब उभे होते, लहानपणापासून पाहिलेल्या पोरीला बघायला आलेले. त्यांच्या मागे, थेट नॅशनल पार्ककडच्या खिडकीपर्यंत, त्यांचं घर आरपार दिसत होतं. भाऊरावांची नजर पडताच परबांनी दार लावून घेतलं. वारा जागच्या जागी मेला.

आता इथे सांगायला हवं, की या दोन दारांमध्ये तीन वर्षांचा अबोला होता. परबांकडे मालवणाहून सुकट आणि बोंबील यायचे आणि जिन्यात वाळायचे. भाऊराव मटण-भाकरीचा माणूस, त्यांचं त्या वासाने डोकं उठायचं. त्यांनी सोसायटीकडे तक्रार केली आणि आपलं जाळीचं दार काढून जाड सागवानी दार बसवलं. शकु आणि परबांची बायको माधुरी यांनी मात्र या भांडणात भागच घेतला नाही, त्यांच्या वाट्या इकडून तिकडे चालूच होत्या.

दोन दिवस भाऊराव हॉलमध्ये येरझारा घालत राहिले. बागेला काय कमी आहे ते आता त्यांना नीट कळलं होतं, आणि ते कोणत्याच नर्सरीत मिळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि समोरची बेल वाजवली.

"संघमित्राला इथे आणायचं म्हणतो," ते परबांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत म्हणाले. "दुपारी तुमचं दार उघडं राहिलं, तर आमच्याकडे वारा येतो. माझं चुकलंच तेव्हा. सुकट वाळवा पाहिजे तर जिन्यात."

परबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "चेडवासाठी दार उघडा ठेवूचा, त्यात इचारुचा काय? वारो काय माझ्या बापाशीचो आसा?" मग डोळे बारीक करून ते म्हणाले, "आणि भाऊराव, दुपारचो वारो तुमच्याकडसून माझ्याकडे येता. माझ्या सुकटीचो वास तुमका येवचो नाय. तुमच्या मुळ्याच्या भाजयेचो माका येतलो. मी कधी तक्रार केलंय?"

भाऊरावांना हसू आवरेना. माधुरीने चहा टाकला.

मग बाग नव्याने मांडायला घेतली. सागवानी दार निघालं, माळ्यावरचं जाळीचं दार परत लागलं. परळं माळ्यावर गेली, ताटी उसवून वाळा पिण्याच्या माठात पडला. भाऊराव पेटती उदबत्ती घेऊन खिडकीशी उभे राहायचे, धूर पोचला की परब आपल्या स्वयंपाकघरातून ओरडायचे, "इलो, इलो!" धूर जिथे अडखळायचा तिथली कुंडी भिंतीकडे सरकायची. रबराचं झाड कोपऱ्यात गेलं, नेचे सावलीत टांगले, हॉलच्या मधोमध वाऱ्याला रस्ता मोकळा झाला. राहता राहिलं ऊन. त्याला घराबाहेरच अडवायचं म्हणून खिडकीच्या ग्रिलमध्ये भाऊरावांनी नर्सरीतून आणलेले, हातभर वाढलेले दोडक्याचे वेल लावले, सुतळ्या बांधून वर चढवले. शेतकऱ्याचाच मुलगा तो, वेल काय त्याचं ऐकणार नाही! एप्रिल अर्धा होईतो खिडकीवर हिरवा पडदा झाला, पिवळी फुलं आली, दोडके लोंबू लागले.

पुन्हा रविवार, पुन्हा दुपार. प्रबुद्धने आत पाऊल टाकलं आणि सवयीने आधी चष्म्याला हात लावला. चष्मा स्वच्छ होता. हॉलमध्ये हिरवट उजेड होता आणि नेचे डुलत होते. संघमित्रा "जरा टेकते" म्हणून जमिनीवरच्या चटईवर आडवी झाली. शकु तिच्यासाठी माठातलं पाणी घेऊन आली, तेव्हा ती गाढ झोपली होती.

प्रबुद्ध तिच्याकडे बघतच राहिला. "कित्येक दिवसांत अशी झोपली नाही ती," तो कुजबुजला. मग पायातले मोजे तसेच ठेवून, बूट हातात घेऊन तो दबक्या पावलांनी निघाला. "मी मुलुंडला जाऊन तिची बॅग घेऊन येतो, बाबा."

भाऊरावांना भरून आलं. पण रडायलाही सवड नव्हती, कारण वारा वाढला आणि जाळीचं दार आपटायला निघालं. त्यांनी झडप घालून ते धरलं, खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले. समोर परबही नेमके तसेच आपल्या दाराला टेकून बसले होते.

अबोल्याची तीन वर्षं सहज निघाली होती. ही दुपार मात्र निघता निघेना. दोघांच्याही पोटात बोलणं मावत नव्हतं आणि चटईवर पोर झोपलेली. शेवटी परबांनी खिडकीतल्या दोडक्यांकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या स्वयंपाकघराकडे, मग चिमटीने भांड्यात काहीतरी टाकल्याची खूण केली. दोडक्यात सुकट.

भाऊरावांनी क्षणभर विचार केला, झोपलेल्या लेकीकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग दोन बोटं वर करून दाखवली: दोन वाट्या.