शिवणाऱ्या बाईंचा अंगठा

मी एक जुनी भक्षकपेशी आहे. मित्रांनो, नावाने दचकू नका, मी फक्त जंतू खाते. कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या उजव्या अंगठ्यात, कात्रीच्या कडीने पडलेल्या घट्ट्याखाली माझे घर आहे. सुई टोचली की जंतू आत शिरत आणि मी त्यांना गिळून टाकी. फारच आले तर मी हाक मारी आणि रक्तातून माझ्या भावंडांची फौज येई. अंगठा जरासा सुजे, दोन दिवसांत कात्री पुन्हा सुरू. आमचे कौतुक कधी कुणी केले नाही, पण माझे काही अडले नाही.

बाई चिंधीसुद्धा टाकत नसत. एकदा डॉक्टरांनी जंतू मारायच्या सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर तिसऱ्याच दिवशी उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात गेल्या.

“आई, संपव ना गं त्या,” लेक म्हणाली.

“बरं वाटतंय मला. राहू दे, लागतील कधीतरी.”

लागल्या. सर्दीला एक, दाढेला अर्धी. तेवढ्याशा औषधाने अंगावरचे दुबळे जंतू मेले आणि निगरगट्ट तेवढे उरले.

मग एकदा सुई खोल गेली. मी पहिला जंतू गिळला, तो मेलाच नाही. आतून मला ओरबाडत राहिला. बाईंनी डब्यातल्या गोळ्या घेतल्या, पण त्यांची डाळ शिजेना. मी भ्याले. जिवाच्या आकांताने हाका मारत सुटले. फौजेवर फौज आली. भावंडे तुटून पडली, फुटून मेली, आणि त्यांच्या पोटातले जहाल पाणी आमच्याच मांसावर सांडले. शिरा फाटल्या, पू साचला, मांस काळे पडले. तरी मी ओरडतच होते. थांबायचे कसे, तेच मला कळेना.

“डॉक्टर, कात्री ह्याच अंगठ्यात धरते हो मी!”

“आधी हात वाचवू, बाई,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चीर दिली.

दुसऱ्या, जबर औषधाने जंतू मेले. अंगठा राहिला, पण वाकत नाही. आता कापड लेक कापते. माझ्या डोक्यावरचा घट्टा मऊ पडत चालला आहे.

जंतूंनी अंगठा खाल्ला, असे बाई सगळ्यांना सांगतात. निम्मा मी जाळला, हे त्यांना ठाऊक नाही. मित्रांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या मध्येच सोडू नका, उरलेल्या घेऊ नका. तुमच्याही अंगठ्यात माझ्यासारखी एक बसली आहे. तिला असे ओरडायला लावू नका.