मधले श्वास

"सूर्य सामान्य तारा?" निवेदन तपासणाऱ्या सरकारी समितीच्या सचिवांनी टेप थांबवायला लावली. "सामान्य?"

"खगोलशास्त्रात तसंच म्हणतात, साहेब," तारांगणाचा यंत्रचालक म्हणाला.

"म्हणत असतील. आपल्या पक्षाच्या झेंड्यावर सूर्य आहे. झेंड्यावर कुणी सामान्य वस्तू लावतं का? कापा."

त्यानं कापलं. तुकडा नियमाप्रमाणे सचिवांच्या ॲशट्रेत जळाला.

कापाकापीत त्याचा हात बसला होता. टेपवरचा आवाज त्याच्या बायकोचा. ती इथलीच निवेदिका. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. पहिल्या सरकारला विश्वाची सुरुवात खपेना. सुरुवात म्हटली की सुरू करणारा आलाच. गेली सुरुवात. पुढच्या सरकारला शेवट खुपला. आपण सत्तेवर असताना विश्व संपतंच कसं? गेला शेवट. दर वेळी तो मुकाट्यानं कात्री चालवी. नाही म्हटलं असतं तर अख्खं रीळच गेलं असतं. घरी बायकोचे फोटो होते, आवाज तेवढा इथे होता.

"बाबा, तुम्ही आईला वाचवताय की सोलताय?" मुलगी विचारायची.

"थोडी तरी राहतेय ना," तो म्हणायचा.

या खेपेला तेही जमेना. 'पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी नाही' हे ऐकून सचिव उभेच राहिले. आता सगळं निवेदन नव्यानं, पक्षाच्या खास निवेदकाच्या आवाजात.

"मधले श्वास ठेवू का, साहेब?"

"कसले श्वास?"

"जुन्या बाईंचे. दोन वाक्यांच्या मधले. नवे साहेब दमच घेत नाहीत, ऐकणाऱ्याला धाप लागते."

सचिवांनी नियमावली चाळली. श्वासाबद्दल पक्षाची भूमिका अजून ठरायची होती.

"ठेवा," ते म्हणाले. "पण जोरात नकोत."

पहिल्या खेळाला त्यानं मुलीला मुद्दाम बोलावलं. अंधार झाला, घुमटावर तारे उगवले. एक हलका, नाकात किंचित अडकणारा श्वास आला आणि पाठोपाठ पुरुषी गर्जना: "पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी आहे आणि आपला देश पृथ्वीच्या!" पुन्हा तोच श्वास. "सूर्य आपल्याभोवती अभिमानानं फिरतो!" टाळ्या पडल्या.

खेळ संपल्यावर मुलगी यंत्राच्या खोलीत आली.

"ओळखलंस?" त्यानं अधीर होऊन विचारलं.

"ओळखलं की." ती खुर्चीत बसली. "तीच आता हे बोलणार, असं वाटत राहतं, बाबा. प्रत्येक थापेआधी आई दम घेतेय."

बाहेर पुढच्या खेळाची रांग लागत होती. त्यानं रीळ परत गुंडाळलं, पहिला श्वास शोधला आणि कात्री उचलली. मग दुसरा. हे कापायला कुठल्याही सरकारनं सांगितलं नव्हतं. बोटाएवढे तुकडे पायाशी पडत गेले.

चिकटपट्टी लावताना टेपची टोकं सरकायला लागली, तेव्हा मुलीनं पुढे होऊन दोन्ही दाबून धरली.