निळ्या झाकणाची बाटली

पत्रात प्रश्न एकच होता, आणि काकांनी चार वर्षं त्याला उत्तर दिलं नव्हतं.

“काका, त्या सोमवारी माझ्या कुपीला निळ्या झाकणाच्या बाटलीतूनच खाऊ घातला होतात ना? खरं काय ते कळवा. मी रागावणार नाही.”

पत्र शब्दकोशात दडवलेलं होतं. उत्तराचे सतरा खर्डे झाले. प्रत्येकाची सुरुवात ‘पत्रास उशीर झाला’ अशी, आणि प्रत्येक खर्ड्यागणिक उशीर आणखी वाढलेला.

काकांनी चौतीस वर्षं प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवल्या. चपट्या कुप्यांत पेशी, आणि त्यांना दर दोन दिवसांनी गुलाबी रंगाचं पोषक पाणी. त्याला सगळे खाऊच म्हणत. नियम एकच, पण कडक: प्रत्येक कुपीची खाऊची बाटली वेगळी.

पत्र लिहिणारी मुलगी तिथे संशोधन करत होती. फार विचारते म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिचं नाव ठेवलं होतं प्रश्नपत्रिका. नागीण ज्या विषाणूमुळे उठते त्याच्याच कुळातला एक विषाणू तिने अभ्यासाला घेतला होता. बहुतेक माणसांच्या अंगात तो जन्मभर गुपचूप बसून असतो.

“काका, हा पेशीत तोतया होऊन राहतो,” ती एकदा म्हणाली होती. “त्याचं एक प्रथिन थेट साहेबाच्या खुर्चीत बसतं आणि हुकूम सोडतं, वाढा! दुसरं दारावरची घंटा दाबून धरतं. बाहेर चिटपाखरू नसतं, पण पेशीला वाटतं बोलावणं आलं. जी रोगाशी लढायची, तीच त्याची पिल्लावळ सांभाळत बसते.”

“आणि खुर्चीतलं प्रथिनच काढून टाकलं तर?”

“तर तो आत शिरेल, पण पेशी वाढायची नाही. महिनाभरात कुपी ओस.”

तेच तपासायला तिने दोन कुप्या लावल्या. पुऱ्या विषाणूच्या कुपीसाठी लाल झाकणाची बाटली, प्रथिन काढलेल्या विषाणूच्या कुपीसाठी निळ्या. पाचव्या आठवड्यात दुसरी कुपीही पेशींच्या गुठळ्यांनी गच्च भरली. त्या प्रथिनाची गरजच नाही, असं सरांनी लेख लिहून जाहीर केलं. माझ्या दुसऱ्या कुपीत पुरा विषाणू पडलाय, असं ती सांगत राहिली. “मग तुझाच हात गबाळा,” सर सगळ्यांदेखत म्हणाले. तो शिक्का घेऊनच ती गेली. जाताना तिने रोजची नोंदवही चाळली होती. लाल बाटली हिशेबापेक्षा एक खेप आधी संपलेली दिसत होती.

गबाळा हात काकांचा होता. त्या सोमवारी सुट्टीत वाचलेली कादंबरी डोक्यातून निघाली नव्हती. त्यांनी पुऱ्या विषाणूच्या कुपीला खाऊ घातला आणि त्याच बाटलीतून, त्याच नळीने, प्रथिन काढलेल्या विषाणूच्या कुपीलाही. एक थेंब पुरतो. संध्याकाळी निळी बाटली जशीच्या तशी दिसली तेव्हा चूक लक्षात आली. त्यांनी ती उघडली, वापरलेली दिसावी म्हणून त्या दिवसापुरता खाऊ मोरीत ओतला आणि झाकण लावलं.

आता, निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर, सरांचा फोन आला होता.

“प्रश्नपत्रिका पुन्हा उठलीय, काका. आपल्या लेखावर तक्रार केलीय. बाटल्या वेगळ्याच होत्या, एवढ्या दोन ओळींवर सही करा. आणि पेशींच्या खोलीवर तुमच्या नावाची पाटी लावतोय. गुरुवारी याच.”

पाटी! काकांना ती हवी होती. खोटं कशाला बोला, फार हवी होती.

गुरुवारी चप्पल घालताना बायको म्हणाली, “जाताय ना? जा. पण सही करून आलात तर त्या शब्दकोशाला काय तोंड दाखवाल?”

काका दचकले. “तुला ठाऊक होतं?”

“पुस्तकं कोण पुसतं या घरात? अहो, तुम्ही मांजरालासुद्धा ‘जरा सरकता का’ म्हणता. एकदा तरी कुणाला ‘नाही’ म्हणा की.”

प्रयोगशाळेत पाटी कापडाखाली झाकलेली होती. सरांनी कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. “करा सही. चहा गार होतोय.”

काकांचा हात पेनाकडे गेलाच. सरांनी सांगायचं आणि आपण करायचं, इतक्या वर्षांची सवय. ती घंटा अजून वाजत होती. बाहेर कुणी नव्हतं. हात मागे आला.

“सर, बाटली एकच होती. चूक माझी.”

सर हसले. “वय झालं, काका. आठवण दगा देते.”

“देत नाही ना! तेच तर दुखणं आहे.”

“लोक तुम्हाला गबाळा म्हणतील.”

“म्हणू द्या. चार वर्षं तिला म्हणताहेत. तिने काय घोडं मारलं होतं?” काकांनी पेन बाजूला ठेवलं. “निळीतला खाऊ मी मोरीत ओतला, सर. हेही लिहून देतो. विचारतील त्याला सांगतो.”

“मग या पाटीचं काय करू?”

“लावा की. तिच्यावर लिहा, प्रत्येक कुपीला वेगळी बाटली. कामाला येईल.”

त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला, आणि चहा न पिता जिना उतरले. टपाल कचेरीतल्या उंच टेबलाशी उभं राहून त्यांनी सरांच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं:

“नाही. तुझ्या दुसऱ्या कुपीलाही मी लाल बाटलीतूनच खाऊ घातला, पुऱ्या विषाणूच्या कुपीनंतर. मग निळीतला खाऊ ओतून टाकला. तुला खोटं ठरवायची त्या प्रयोगाची लायकीच नव्हती. हे पत्र हवं त्याला दाखव, मागच्या बाजूसकट. रागावलीस तरी चालेल.”

खाली सही केली. एरवी त्यांनी चार वेळा वाचलं असतं, एखादा शब्द खोडला असता. आज पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि लाल पेटीच्या तोंडात हात मनगटापर्यंत घालून सोडून दिलं.