देवीला शिसं ओलांडता येईना

बैलगाड्यांची रांग पार तळ्याच्या पाळीपर्यंत गेली होती. देवरीकडच्या जंगलातून लोक पायी आले होते, कोहमाऱ्याच्या नाक्यावरून ट्रकवर बसून आले होते. सोनटोल्याचं धान कापणीला आलं होतं, लोंब्या वाट बघत माना टाकून उभ्या होत्या. पण विळे घरी होते आणि हात जोडलेले होते. पाटलाच्या कोठ्यात देवी प्रकटली होती.

कोठ्याला खिडकी नव्हती. दारावर दोन कांबळी टाकली की भर दुपारी आत मिट्ट काळोख. त्या काळोखात जोतगीर महाराजाच्या तळहातावर, बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या नळीत, हिरवट उजेड तेवायचा. हलायचा नाही, विझायचा नाही, धूर नाही.

"तेल हाय का? नाई! वात हाय का? नाई! काडी कोणी ओढली? कोणीच नाई!" महाराजाचा आवाज अंधारात दुप्पट मोठा वाटायचा. "मंग कायले जळून राहिली? तुमच्यासाठी, पापी लोकहो! सूर्याची धाकटी बहीण हाय हे. उजेडात काऊन नाई दिसत? अरे, मोठ्या भावासमोर पदर नाई घेणार का बाई?"

बायका गहिवरून पदर सारखे करायच्या.

महाराजाचं औषधही सोपं. दुखऱ्या जागेवर देवी फडक्यात बांधायची आणि रात्रीच्या जेवणापासून पहाटेपर्यंत पडून राहायचं. आठ-दहा दिवसांनी तिथं आपोआप लाल ठसा उमटतो. आग नाही, चटका नाही, आणि ठसा! तो उमटला की समजायचं, देवीनं माणूस आपला केला.

सोनटोल्यात पहिला ठसा उमटला तो वच्छलाच्या चंदाच्या पोटावर.

चंदा चार वर्षांची. वर्षभर हिवतापानं धरलेली; पोटात डावीकडे पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून दगडासारखी झालेली, हातपाय काडीसारखे. तिच्याआधीचा मुलगा अशाच तापात वच्छलाच्या मांडीवर गेला होता. म्हणून चंदा झोपली की वच्छला तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास लागला की आपला घ्यायची. तिनं पाला वाटून पाजला, ताईत बांधला, नवस बोलून झाले. आता कोणी म्हणालं असतं की निखाऱ्यावर चाल, तर तिनं फक्त एवढंच विचारलं असतं, "पोरीले कडेवर घेऊन का एकटी?"

देवी बांधली त्याच आठवड्यात ताप उतरला. मग ठसा आला, रुपयाएवढा, गुलाबी. वच्छलाची सासू यशोदाबाई घरोघर सांगत सुटली. महाराज चंदाला रोज पुढं बसवू लागला. परगावची म्हातारी माणसं त्या एवढ्याशा पोरीच्या पाया पडू लागली.

"माय, हे लोक माह्या पाया काऊन पडतात?" चंदानं विचारलं. आजारापूर्वी दिवसभर तिचं हेच चालायचं. तळ्यातलं पाणी खाली काऊन नाई सांडत? बगळा एका पायावर काऊन? कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडी पुन्हा 'काऊन' आलेलं ऐकून वच्छलाला रडू आलं. पण ती म्हणाली, "चूप. देवीपुढं विचारायचं नाई."

पुढं ठसा गडद झाला, त्याला फोड आला, फोड फुटला आणि खाली ओली जखम राहिली. ती सुकेना. चंदा कूस वळताना कण्हायची.

"देवी आत उतरून राहिली," महाराज म्हणाला. "आणखी बांधा."

वच्छलानं आणखी बांधली. स्वतःच्या हातानं, गाठ रुतू नये म्हणून हलकी.

त्याच सुमारास गोंदियाहून चुन्नीलाल फोटोवाला आला. महाराजाचे फोटो काढून यात्रेत विकायचे, असा त्याचा हिशेब. काचेच्या प्लेटा कॅमेऱ्यात भरायला अंधार लागतो, म्हणून तो कोठ्यातच बसला आणि प्लेटांचा डबा देवीच्या पेटीशेजारी ठेवून आरतीला उभा राहिला. बाजाराच्या दिवशी तो परत आला तो तोंड वाकडं करूनच.

"पूरा डब्बा सत्यानाश, महाराज! हर प्लेट काली! तुमचा फोटो नाही, मेरा भी नाही, कोणाचाच नाही!"

महाराज हसला. "अरे बेटा, जे तिन्ही लोकांत नाई मावत, ते तुझ्या काचेत मावन का?"

जमाव जयजयकार करून उठला. काळी प्लेट हातोहात फिरली. काहींनी तिला कुंकू लावलं.

वच्छला मात्र उठली नाही. ती कोहळ्यांची, पिढ्यानपिढ्या तळी बांधणाऱ्या समाजाची लेक. तिच्या आजोबांनी तळी बांधली होती, आणि पाळ कुठं झिरपते ते शोधायची रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती. पाण्याला बघत बसायचं नाही, ओलं काय काय झालंय ते बघत मागं मागं जायचं. तेवढ्यात चंदा तिच्या कानाशी म्हणाली, "माय, बाबाचा हात काऊन बांधला?"

वच्छलानं पाहिलं. महाराजाची उजव्या हाताची बोटं भगव्या चिंधीत गुंडाळलेली. चिंधीतून पिवळं पाणी झिरपलेलं. चंदाच्या फडक्यावर होतं, अगदी तसंच.

या वेळी ती 'चूप' म्हणाली नाही. जमाव पांगल्यावर तिनं चुन्नीलालला पाळीवर गाठलं.

"भाऊ, डब्ब्यातल्या न उघडलेल्या प्लेटाही काळ्या झाल्या का?"

"वही तो रोना है, बाई! काळ्या कागदात गुंडाळलेल्या, डब्बा बंद. उजेडाचा कण आत जाणार नाही. फिर भी काली!"

"म्हणजे त्या नळीतून काहीतरी निघते, जे कागदातून जाते, डब्ब्यातून जाते..." तिनं कडेवरच्या चंदाच्या पोटाकडे पाहिलं. "आणि पोटातून? भाऊ, तुमच्या पाया पडते. कोणा शिकलेल्याले दाखवा ही काच. माही पोरगी मरून राहिली."

त्या दिवसापासून तिनं देवी बांधू दिली नाही. घरात वणवा पेटला. यशोदाबाई म्हणाली, "एक खाऊन बसलीस, आता दुसरीले खा!" नवरा मनिराम बांधावर जाऊन बसला. आणि नेमका तिसऱ्या दिवशी चंदाला ताप भरला. हिवताप असाच येतो, जातो, पुन्हा येतो. पण गावानं निवाडा देऊन टाकला: देवी कोपली.

चंदाचे दात वाजत होते. तिच्यावर अंथरूण, घोंगडी, स्वतःचं अंग, सगळं घालून वच्छला पडली होती. आपणच चुकलो असू तर? या एवढ्या पोरीवर आपल्या शहाणपणाची पैज लावली तर? एकदा ती उठलीही. चंदाला उचलून कोठ्याच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेवर चंदानं तापल्या ओठांनी म्हटलं, "नको माय. देवी चावते." वच्छला तिथंच धुळीत बसली. पुढं जाववेना, मागं वळवेना.

चुन्नीलालचा टांगा तिला त्याच वाटेवर भेटला. सोबत एक चष्मेवाला तरुण होता. रहांगडाले त्याचं नाव. गोंदियाकडचाच शेतकऱ्याचा मुलगा, शहरातल्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारा, दिवाळीच्या सुटीला घरी आलेला. प्लेटांची तक्रार ऐकताच त्याचा चेहरा पांढरा पडला होता, असं चुन्नीलाल नंतर सांगायचा.

रहांगडाल्यांनी खाली वाकून चंदाची जखम पाहिली. "किती दिवस बांधली होती, ताई?" वच्छलानं सांगितलं. "आता पुन्हा जवळही नेऊ नका. या जखमेला दवाखाना लागेल, तापालाही. टांगा तयारच आहे, आज संध्याकाळीच निघा. पण आधी ती नळी या गावातून निघाली पाहिजे, नाहीतर उद्या ती दुसऱ्या पोराच्या पोटावर असेल."

कोठ्यापुढं त्यांनी भाषण केलं नाही. त्याच सकाळी काळ्या कागदात गुंडाळलेली एक नवी प्लेट सर्वांसमोर पाटावर ठेवली. तिच्यावर कडुलिंबाचं पान ठेवलं, पाटलाच्या कोठ्याची किल्ली ठेवली. मंगरू ढिवर जाळं खांद्यावर टाकून बघत उभा होता. त्याच्याकडून जाळ्याची एक शिशाची गोळी मागून तीही ठेवली.

"महाराज, देवी यांच्यावर टांगा. उन्हं उतरेपर्यंत. देवीची परीक्षा नाही, आमच्या काचेची."

लोकांसमोर नाही कसं म्हणणार? महाराजानं टांगली.

संध्याकाळी चुन्नीलालनं कोठ्यातच लाल कंदिलाखाली प्लेट धुतली आणि बाहेर आणून आभाळाकडे धरली. सगळी काच काळी. पानाचा मागमूस नाही, जणू ते तिथं नव्हतंच. किल्लीची पुसट सावली. आणि शिशाच्या गोळीखाली स्वच्छ, पांढरा, वाटोळा ठिपका.

"बघा," रहांगडाले म्हणाले. "मंत्र कोणी म्हटला नाही. देवी पानातून गेली, किल्लीपाशी अडखळली, आणि शिसं काही तिला ओलांडता आलं नाही."

मंगरूनं आपल्या जाळ्याकडे पाहिलं. "म्हणजे तीन लोकांत नाई मावत, अन् माह्या गोळीपाशी अडते? आमच्या मासोळ्या बऱ्या मंग, जाळं फाडून तरी जातात!"

हशा उठला आणि महाराजाचा तोल गेला. "देवी कोपली! देवी तळ्यात जाते!" असं ओरडत तो नळी घेऊन पाळीकडे धावला. आणि लोकांनी वाट दिली. गणपती असो, गौर असो, गावातली देवी जायची ती तळ्यातच. विसर्जनाला निघालेल्याला सोनटोल्यात कोणी अडवत नसे.

वच्छला पाळीवर उभी होती. कडेवर तापलेली चंदा. ती हलली नाही.

"बाजूले हो, बाई!"

"नाई होत. काच फुटली तर हे पाणी कोण पिते? धान कोणत्या पाण्यावर पिकते?" तिनं चंदाच्या पोटावरचं फडकं सर्वांसमोर सोडलं. "हा ठसा पाहा नीट. याच्या तुम्ही पाया पडले. आता गावाच्या पोटावर पाहिजे का असा? तुमचा हातही सोडा, महाराज. दाखवा देवी किती आत उतरली ते!"

यशोदाबाई पुढं आली. वच्छलाला वाटलं, आता मारणार. म्हातारीनं महाराजाचं मनगट धरलं आणि चिंधी ओढली. बोटांची कातडी सोललेली, नखं काळी. जमावातून एक आवाज निघाला. तो जयजयकाराचा नव्हता.

महाराज नळी पाळीवर ठेवून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. तो महाराज नव्हताच. चैतराम त्याचं नाव, शहरात भंगार उचलायचा. लिलावातल्या एका जुन्या कपाटाच्या खणात त्याला ही चमकणारी नळी सापडली होती. "साहेब, माहा हात जाईन का?" त्यानं विचारलं. "मले खरंच नाई माहीत, हे भाजते म्हणून."

"त्याला माहीत नव्हतं," रहांगडाले लोकांकडे वळून म्हणाले. "आम्हाला होतं. ही नळी आमच्या विद्यापीठाची. आत रेडियम आहे, आणि त्याच्या किरणांनी चमकणारी एक भुकटी. किरण दिसत नाहीत, लागतात तेव्हा दुखत नाहीत. आठ-दहा दिवसांनी कातडी जळून वर येते. तोच तुमचा ठसा. अशा वस्तूला शिशाची जाड पेटी लागते, कुलपाची खोली लागते. सरकारचा कायदा आहे, परवाना मागायचा, कुठं आणि कोणाच्या ताब्यात ठेवली ते सांगायचं. आमच्याकडे शिशाची पेटी कोणीतरी दुसऱ्या कामाला नेली, नळी भिंगांच्या कपाटात पडली, आणि कपाट भंगारात गेलं. बोटभर नळीसाठी परवाना कशाला, तिनं काय होतंय, असं आमचे मोठे शिकलेले लोक म्हणत राहिले. विचार न करता 'काही होत नाही' म्हणणं ही आमची अंधश्रद्धा. तुम्ही देवीवर भरवसा ठेवला, आम्ही नशिबावर. मधे ही पोरगी सापडली."

मंगरूनं न सांगता जाळ्याच्या गोळ्या तोडायला घेतल्या. इतर ढिवरांनीही घेतल्या. लांब चिमट्यानं नळी लोखंडी डब्यात ठेवून भोवती गच्च शिसं भरलं. त्याहून जाड पेटी विद्यापीठातून येईपर्यंत गावाबाहेरच्या पडक्या देवळात डबा कुलपात राहिला. आसपास कोणी फिरकू नये म्हणून रहांगडाले स्वतः दूर झाडाखाली बसून राहिले. चंदाला मांडीवर घेऊन वच्छला, यशोदाबाई आणि चैतराम एकाच टांग्यातून गोंदियाला गेले. वाटभर म्हातारी चैतरामला शिव्या देत होती आणि त्याच्या हातावर माशा बसू देत नव्हती.

तापावर गोळ्या होत्या. साध्या, कडू, पांढऱ्या. त्या वर्षभर गोंदियाच्या दवाखान्यात होत्या आणि सोनटोल्यातून कोणी गेलं नव्हतं. पानथरी उतरत गेली. जखमेचं मात्र डॉक्टर काही ठाम बोलले नाहीत. ती उन्हाळ्यापर्यंत वाहिली. कित्येकदा वच्छलाला वाटलं, ही पोरगी आता हातातून गेली. अखेर जखमेवर कातडी धरली: पातळ, चकचकीत, हसतानाही ताणणारी. ती अशीच राहील, असं डॉक्टर म्हणाले. पुढं काय होईल ते विचारल्यावर ते म्हणाले, "दरवर्षी आणून दाखवा." म्हणजे धोका अजून संपलेला नाही, हे वच्छला समजली.

अजूनही परगावची एखादी बाई आजारी लेकरू घेऊन येते आणि दबक्या आवाजात विचारते, "ठसा पाहू द्या ना, माय." वच्छला तिला आत बसवते, पाणी देते, चंदाचा झगा वर करून दाखवते.

"हा देवीचा ठसा नाई, बाई. भाजल्याचा डाग हाय. माह्याच हातानं बांधलेला. कोणी म्हणन, विचारू नका, तर तिथंच लेकराले उचला अन् निघा. जे खरं असते ते विचारल्यानं कोपत नाई. ताप हाय ना? दवाखाना गोंदियाले हाय. आजच जा."

बाई बहुधा घोटाळते, दाराकडे बघते. तेवढ्यात चंदा तिच्या लेकराच्या गळ्यातला ताईत हातात धरून विचारते, "हे काऊन बांधलं?"

आता वच्छला तिला चूप म्हणत नाही. ती त्या बाईकडे बघते आणि उत्तराची वाट बघते.